कायी गाडी

शोरूमवाल्याने तीनदा विचारलं, काळीच घेताय ना?
भुसावळात काळी गाडी म्हणजे
मे महिन्यात तव्यावर बसून बाजाराला जाणं.
वरून दीपनगरची राख.
रात्री दोरीवर राहिलेला सदरा
सकाळी झटकून घालणारं गाव आमचं.
मी म्हटलं, काळीच.
एकतीस वर्षं मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवले मी,
रिकाम्या डब्याचं वजन, पुढच्या तपासणीची तारीख,
तपकिरी पत्रा, पांढरा ब्रश.
काळ्यावर हात टेकवलाच नव्हता कधी.

नजीर तडवीचं दुकान हायवेला, टायरवाल्याच्या शेजारी.
बॉनेटवरचं शैलाने काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक
त्याने आधी पुसलं, हळूच, माफी मागत :
"काकू, कुंकू रंग खातं."
मग सांगत गेला. वॅक्स, दोन महिने.
सिरॅमिक, तीन वर्षं, पाणी पाऱ्यासारखं घरंगळतं.
आणि फिल्म. पूर्ण गाडीला पंच्याऐंशी हजार.
नमुन्याच्या पत्र्यावर किल्लीने ओरखडा काढला,
किटलीतलं गरम पाणी ओतलं.
ओरखडा मिटला.
"आपोआप भरतं, काका."
शैला स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती.
केळीचा घड उतरवताना लागलेला विळा,
लग्नाच्या आधीचा.

विचार करतो म्हणालो.
आमच्याकडे टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे.
सोफा मोरपंखी आहे, हे फक्त आम्हा दोघांना माहीत.
जावई फोनवर म्हणाले, फिल्मच घ्या.
भाचा म्हणाला, तेवढ्यात दोनदा रंग होईल.
वायकोळे म्हणाले, गोणपाट टाका.
चार दिवस काही ठरलं नाही,
आणि गाडी निंबाखाली उभी.

पाचव्या दिवशी दुपारी भार्गवी.
नात, पहिलीत.
तिला ळ येत नाही म्हणून
बाईंनी पानभर काढून आणायला सांगितलेला.
पोरीची काय चूक?
आमच्या घरात शाळेला शाया, डोळ्याला डोया,
केळीला केयी, गाडीसुद्धा कायी.
ऐकणार कुठून?
वहीचं पान संपलं. बॉनेटवर राख होती.
बोटाने काढला तिने, हातभर मोठा,
दोन पोटांचा, जरा उजवीकडे कललेला.

राख म्हणजे बारीक काचच.
धुतल्यावर काही दिसलं नाही.
साडेपाचचं ऊन आडवं आलं
तेव्हा दिसला.

नजीरने त्याच्यावरून नख फिरवलं.
"निघेल. वरचा थर पॉलिशने थोडा उतरवायचा,
त्याच्याबरोबर हेही जातं.
ते आधी, फिल्म नंतर.
कारण फिल्मखाली जे राहील
ते तसंच बंद होतं, पाच वर्षं.
मग मला म्हणायचं नाही."

माझी अक्षरं दोन उन्हाळ्यांत फिकी पडायची.
तारीख उलटली की डबा परत यायचा
आणि जुनी मीच खरवडायचो, नवीसाठी.
त्याचं कधी काही वाटलं नाही.

शैलाने पर्स उघडली.
"नुसत्या बॉनेटचे किती?"
"एकवीस हजार."
"पॉलिश न करता?"
पोराने माझ्याकडे बघितलं.
मी टायरवाल्याकडे बघत होतो,
तो एका ट्यूबला पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.
"मग अठरा घे," शैला म्हणाली,
"पॉलिशचे तीन सोड. बाकी गाडी राहू दे उघडी."

"परवा न्या. आठवडाभर पाणी लावायचं नाही."
पावती फाडायच्या आधी त्याने विचारलं,
रंग काय लिहू?
"कायी," शैला म्हणाली.
त्याने 'काळा' लिहिलं.
मी वाकून बघितलं, सवय.
ळ बरा काढतो पोरगा.